उजळपणाचे सल्ले पुरेत, डबीवरचा परवाना बघायला शिकवा

संपादक महोदय,

गेल्या शनिवारच्या पुरवणीत दहावीच्या निरोप समारंभासाठी मुलींना दिलेला ‘सात दिवसांत उजळ चेहरा’ हा सल्ला वाचून संताप आला. लेख मैत्रिणीने गप्पा माराव्यात तसा लिहिलाय, चित्रंही गोड आहेत. म्हणून तर तो जास्त घातक. साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा, हे सगळं ठीक. पण ‘चांगली फेअरनेस क्रीम रोज रात्री लावा’ एवढं लिहून मोकळं कसं होता येतं? चांगली म्हणजे कोणती, डबीवर काय बघून घ्यायची, याबद्दल एक ओळ नाही.

केडगावात माझं औषधाचं दुकान आहे. लेख आल्यापासून शाळा सुटली की मुली काउंटरवर मोबाईल पुढे करतात, ‘काकू, ही क्रीम आहे का?’ एका फोटोतल्या डबीवर परकी लिपी आणि बाईचा पांढराफटक चेहरा. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, बाहेरून आलेल्या मालाचा नोंदणी क्रमांकही नाही. ठेवत नाही म्हटलं की उत्तर तयार, ‘पार्लरवाल्या ताईंकडे मिळते.’

अकोल्यातही पार्लरवाल्या ताईंकडूनच मिळाली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणारी वीस वर्षांची मुलगी, तिचा चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं, म्हणून आई आणि बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. तिघींच्याही मूत्रपिंडाला सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी क्रीमची तपासणी करून घेतली तेव्हा त्यात पारा निघाला. जानेवारी २०२३ मध्ये ही बातमी सगळीकडे छापून आली होती. वर्तमानपत्रांनीच ती विसरावी?

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी तर आकडेच मांडले आहेत. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांचा आजार एका विशिष्ट, एरवी क्वचित दिसणाऱ्या प्रकारचा होता, आणि त्या पंधरापैकी तेरा जण गोरं करणारी क्रीम लावत होते. पंधरापैकी तेरा! हा आकडा प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहायला हवा. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे वेळेवर कळलं तर मुलगी वाचते. पण तिला सांगणार कोण?

पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून आठवड्यात फरक दिसतो. तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. पावलांना सूज, लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली फुगवटा. ही लक्षणं शोधूनही तुमच्या पुरवणीत सापडत नाहीत.

आमच्याच व्यवसायातले काही लोक स्टेरॉइडची मलमं फेअरनेस क्रीम म्हणून खपवतात, त्यांनाही मी सोडणार नाही. ही मलमं शेड्यूल एचमधली आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. महिनोन्‌महिने लावली की चेहरा लालबुंद होतो, कातडी पातळ पडते, मुरुमं उसळतात, आणि मलम थांबवलं की आग होते म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. अन्न व औषध प्रशासनाने दुकानं, पार्लर आणि नवरात्रात केडगावच्या देवीच्या यात्रेतले स्टॉल एकदा तरी नीट तपासावेत.

आणि तुमच्याच रविवारच्या वधू-वर पानावर ‘गोरी, सडपातळ’ मुलगी हवी अशा जाहिराती छापायच्या, हे कधी थांबणार? चौदा वर्षांची मुलगी तेही पान वाचते. सावळ्या पोरीला आपल्यात काही कमी आहे असं तिथे शिकवलं जातं, आणि शनिवारी त्यावरचा उपाय सांगितला जातो. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ शब्द काढून टाकला. एका कंपनीला जे करावं लागलं ते वर्तमानपत्राला का जमू नये?

मुलींनी नटावं, हौसेने नटावं. माझा नटण्याला विरोध नाही. येत्या शनिवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत एवढं छापा: डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसेल तर ती क्रीम चेहऱ्याला लावू नका, आणि बिलाशिवाय घेऊ नका.

– एक औषधविक्रेती, केडगाव, अहिल्यानगर