महेंद्रलाल सरकार, भाऊ दाजी आणि आपली बिननावाची पुडी

एक चिकित्सापद्धती सोडून दुसरी स्वीकारणारा वैद्य दोन्हीकडच्या टीकेचा धनी होतो. भारतातील होमिओपॅथीच्या आद्य चिकित्सकांपैकी एक, कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार (१८३३–१९०४) यांचे चरित्र या दृष्टीने आपण आयुर्वेदीयांनी अवश्य वाचावे असे आहे. होमिओपॅथीचा सिद्धांत प्रस्तुत लेखकास पटत नाही. अतिविरल मात्रांविषयीच्या आधुनिक परीक्षणांचे निष्कर्षही त्यास अनुकूल नाहीत. परंतु येथे प्रश्न सिद्धांताचा नसून चिकित्सकाच्या वर्तनाचा आहे.

सरकार १८६३ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजचे एम.डी. झाले, हा मान मिळविणारे ते दुसरे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेत त्यांना मानाचे स्थान होते आणि होमिओपॅथीचे ते कडवे विरोधक म्हणून ओळखले जात. मॉर्गन यांच्या होमिओपॅथीवरील ग्रंथाचे परीक्षण लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा केवळ ग्रंथ वाचून खंडन करणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. राजेंद्रलाल दत्त हे धनिक गृहस्थ त्या पद्धतीने उपचार करीत. सरकारांनी त्यांचे रुग्ण स्वतः पाहावयास प्रारंभ केला आणि मत पालटले. (नुसते रुग्ण पाहूनही फसगत होऊ शकते, कित्येक व्याधी काळाच्या ओघात आपोआप उतरतात, हे आपण सारे जाणतो.) १६ फेब्रुवारी १८६७ रोजी त्याच शाखेच्या वार्षिक सभेत, ज्या सहकाऱ्यांत आपली प्रतिष्ठा होती त्यांच्यासमोर, त्यांनी हे मतपरिवर्तन जाहीर केले. परिणामी व्यवसायबंधूंनी बहिष्कार घातला आणि काही काळ रुग्णही फिरकेनासे झाले. तरीही १८६८ साली त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे नियतकालिक सुरू केले आणि आपली मते छापील स्वरूपात सर्वांपुढे ठेवली. १८७८ साली विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत त्यांची नेमणूक झाली, तेव्हा इतर सदस्यांनी त्यांच्यासह बसण्यास नकार दिला. दरम्यान १८७६ साली त्यांनी विज्ञानाच्या संशोधनासाठी जी संस्था उभारली, तिच्याच प्रयोगशाळेत १९२८ साली रामन यांचा शोध लागला.

आता आपल्या मुंबईकडे वळू. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला हा थोर पुरुष देशी वनस्पतींकडे वळला आणि कुष्ठरोगावर औषध देऊ लागला. रुग्णांना त्याचा गुण येतो अशी ख्याती झाली. परंतु औषधाचे घटक त्यांनी प्रकट केले नाहीत आणि त्याबद्दल समकालीनांनी त्यांना दोषही दिला. १८७४ साली भाऊंचे निधन झाले. औषधाचे मूळ कडू कवठाच्या बियांचे तेल होते, हे मागाहून सर्वश्रुत झाले. कडू कवठ म्हणजे आपला तुवरक! सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात त्याचा कल्प सांगितला आहे आणि हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या भूमीत होतात असेही नोंदविले आहे. जे ग्रंथात उघड लिहिलेले होते, ते इतक्या मोठ्या विद्वानाने झाकून ठेवावे, याचे वाईट वाटते. किती मात्रेने किती रुग्ण बरे झाले, किती झाले नाहीत, याचा पूर्ण ताळेबंद भाऊंनीच मांडला असता तर विसाव्या शतकातील तुवरक तेलाच्या संशोधनात मुंबईचे नाव आरंभीच आले असते.

ज्याचा सिद्धांत आपल्याला मान्य नाही त्याने सारे उघड केले, आणि ज्याचे द्रव्य आपल्याच संहितेतले होते त्याने ते लपविले. भाईंदर पश्चिमेतील दवाखान्यांत आजही बिननावाची पुडी दिली जाते. उत्तन, राई, मोर्वा येथून येणारा रुग्ण ती श्रद्धेने घेतो. पुढे त्यास वृक्कविकार जडला आणि रुग्णालयातील डॉक्टरांनी ‘काय घेत होता?’ असे विचारले, तर नातेवाइकांच्या हाती केवळ कोरा कागद असतो. मग पुडीत पारद होता की स्टेरॉईड, असा संशय येतो आणि तो एका वैद्यावर न थांबता सबंध शास्त्रावर बसतो. तयार औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापणे औषधनिर्मात्यास कायद्याने बंधनकारक आहे. मग वैद्याने पुडीवर ती लिहिण्यास कोणती हरकत असावी?

‘योग उघड केला तर शेजारचा वैद्य उचलेल’ ही भीती फार्मसीमालक बोलून दाखवितात, आणि व्यवसायाच्या दृष्टीने ती अगदीच खोटी नाही. परंतु सिंहनाद गुग्गुळ किंवा आरोग्यवर्धिनी कोणाच्या मालकीची आहे? रुग्ण परत येतो तो निदानासाठी, अनुपानासाठी आणि वैद्याच्या हातगुणासाठी. संघटनेच्या पुढील सभेत एवढाच ठराव मांडावा असे सुचवितो: प्रत्येक पुडीवर योगाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा व दिनांक लिहावा, आणि ज्या रुग्णांस गुण आला नाही त्यांचीही नोंद वहीत ठेवावी.