जॅकने गाडी उचलावी, पेलावी टेकूने

शेतकऱ्याच्या अंगणात बैलगाडीच्या जागी आज ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप अथवा मालवाहू टेम्पो उभा असतो. वाहनाबरोबर त्याची निगा राखण्याचे कामही घरात आले. तेल बदलणे, ग्रीस भरणे, पंक्चर झालेले चाक काढणे, ब्रेक तपासणे ही कामे घरचाच कर्ता माणूस करतो. यात वावगे काही नाही. तालुक्याची खेप व ऐन हंगामातील खोळंबा त्यामुळे वाचतो. चिंतेची बाब निराळी आहे. गाडी जॅकवर चढविली जाते आणि त्या एकट्या जॅकच्या भरवशावर माणूस तिच्याखाली शिरतो.

जॅक हे उचलण्याचे साधन होय, पेलण्याचे नव्हे. बाटलीच्या आकाराच्या तेलाच्या जॅकमध्ये सारा भार तेलावर तोललेला असतो आणि ते तेल एका लहानशा रबरी कड्याने व झडपेने अडविलेले असते. कडे झिजले किंवा झडपेत मातीचा कण अडकला की तेल पाझरू लागते. कधी सावकाश, कधी एकदम. मोटारीबरोबर मिळणाऱ्या स्क्रूच्या जॅकला तेलाचे भय नाही, परंतु त्याची बैठक अरुंद असते व तो केवळ चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. जॅकवर कोरलेला टनांचा आकडा सरळ उभ्या भारापुरता खरा. गाडी बाजूला कलली तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

जुन्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नसे. बैलगाडीला वंगण घालताना आसाखाली भक्कम टेकू दिल्यावाचून तो चाक बाहेर ओढीत नसे. मग दोन टनांच्या आसपास वजन असलेल्या ट्रॅक्टरच्या वाट्याला ही शिस्त का येऊ नये? कारण बहुधा असे की, पहारीने गाडी उचलताना चौघांच्या खांद्यांना तिचे वजन कळत असे. जॅकच्या दांड्याला ते कळत नाही. एका हाताने उचलले गेलेले ओझे हलके वाटू लागते, आणि धोका आहे तो या वाटण्यात.

दुसरा धोका जमिनीचा. जॅकच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस सेंटिमीटर धरले आणि त्यावर ५०० किलोचा भार आला, तर दर चौरस सेंटिमीटरवर ५ किलो दाब पडतो. ओली काळी जमीन तो सोसू शकत नाही. जॅक एका अंगाने रुततो व गाडी त्याच अंगाला जाते. त्याच जॅकखाली ४० सेंटिमीटर लांबरुंद अशी जाड फळी ठेवली की तोच भार १,६०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब एक तृतीयांश किलोहूनही कमी होतो. एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या पावलाखाली साधारण एवढाच दाब असतो. अर्थात फळी जाड हवी. पातळ फळी मधोमध वाकते आणि भार पसरतच नाही. पावसाळ्यात मात्र फळीवरही विसंबू नये. शेतात अडलेली गाडी शक्य तर ओढून मुरमाच्या, सपाट जागी आणावी, आणि ट्रॉलीत ऊस अथवा धान्य असेल तर ते आधी उतरवावे.

हातब्रेकविषयीही एक गैरसमज आहे. बहुतेक मोटारींत हातब्रेक मागील चाकांनाच आवळतो. मागचा भाग उचलला की त्याचा उपयोग संपतो. गिअरमध्ये गाडी ठेवली म्हणजे ती जखडली, हेही खरे नाही. मागील चाकांवर चालणाऱ्या जीपचे वा ट्रॅक्टरचे एक चाक अधांतरी झाले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक गाडीला घेऊन सरकू शकते. म्हणून जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांच्या पुढे व मागे लाकडी पाचरी घट्ट बसवाव्यात. चाकाचे नटही चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. उचललेल्या गाडीला पान्याचे हिसके देणे म्हणजे तिला जॅकवरून ढकलण्यासारखेच आहे.

ट्रॅक्टरची आणखी एक खोड आहे. उंचसखल शेतात चारही चाके टेकलेली राहावीत यासाठी त्याचा पुढचा आस मध्यावर एका खिळीभोवती डोलता ठेवलेला असतो. मागचे चाक उचलले की ट्रॅक्टरचे धड या खिळीवर एका बाजूस कलू लागते. पुढच्या आसाच्या व धडाच्या मधील फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या की हे डोलणे थांबते. कित्येक अनुभवी चालकांनाही ही साधी युक्ती ठाऊक नसते. मागच्या चाकांत पाणी भरलेले असेल तर चाकाचे स्वतःचे वजनही एकट्याने सावरण्याजोगे राहत नाही. तेथे दोघे हवेतच.

गाडी उचलल्यावर लोखंडी स्टँड वा बाभळीचे ठोकळे सांगाड्याच्या अथवा आसाच्या मजबूत भागाखाली द्यावेत आणि जॅक हळूहळू उतरवून भार त्यांच्यावर घ्यावा. ठोकळे आडवेउभे रचावेत व तळाच्या रुंदीहून उंच नेऊ नयेत. विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे कदापि वापरू नयेत. ते वाकून सूचना देत नाहीत, एकदम फुटतात. काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. नंतर बाहेर उभे राहून गाडीला जोराने हलवून पाहावे. ती डगमगली तर खाली न जाता टेकू पुन्हा रचावेत. काम चालू असता जवळ एक जाणते माणूस असावे, आणि लहान मुले जॅकच्या दांड्यापासून दूर असावीत.

हाच नियम रोटाव्हेटरला लागू आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली वाकून पाती बदलणारा शेतकरी जॅकवरच विसंबलेला असतो. फक्त त्या जॅकला तो जॅक म्हणत नाही. उचललेल्या रिकाम्या ट्रॉलीखाली ग्रीस भरणाराही तसाच. इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून, टेकू देऊनच तेथे हात घालावा.

महाराष्ट्रात २०२३ पासून लागू असलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबास २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ती योग्यच आहे. परंतु अपघातानंतरच्या अर्जाची माहिती जितक्या तत्परतेने गावात पोहोचविली जाते, तितक्याच तत्परतेने टेकूची माहितीही पोहोचली पाहिजे. यंत्राच्या पूजेला हार व पेढे येतात, विक्रेता किल्ली देताना छायाचित्र काढतो. त्याच वेळी दोन स्टँड व चार पाचरी ग्राहकाने मागून घ्याव्यात आणि विक्रेत्याने त्या द्याव्यात, अशी रीत पडण्यास हरकत कोणाची असावी?

गावपातळीवरील कार्यकर्त्याने बियाणे उगवणशक्तीचे प्रात्यक्षिक घेतो तसे हे प्रात्यक्षिक चैत्र-वैशाखात, यंत्रे पेरणीसाठी सज्ज होत असतानाच घ्यावे. त्याला निधीची गरज नाही. गावातील एक ट्रॅक्टर, एक जॅक, सुताराकडील बाभळीचे तुकडे आणि तासाभराचा वेळ पुरेसा आहे. ठोकळे तेथेच कापून घ्यावेत आणि फळीसह ट्रॉलीच्या पेटीत ठेवून द्यावेत, कारण पंक्चर घरी क्वचितच होते.