बीडच्या सीताफळाचे दप्तर कोण ठेवणार?

बालाघाटच्या ज्या पठारावर मांजरा नदीचा उगम आहे आणि ज्याच्या कड्यावरून पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा कोसळतो, त्या पठारावरील, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याच्या मुरमाड उतारांवर कुणी न लावता आणि कुणी पाणी न घालता वाढलेल्या सीताफळांचे डोळे दसऱ्याच्या सुमारास उघडू लागतात, आणि दिवाळीपर्यंतच्या थोड्या दिवसांत गावोगावच्या बायका भल्या पहाटे डोंगर चढून भरल्या पाट्यांनिशी खाली उतरतात, हे दृश्य या भागाच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कायद्याचा काही प्रश्न असेल अशी शंकाही कुणास येत नाही. तथापि तो आहे. २०१६ साली ‘बीड सीताफळ’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांनाही ते त्याच वर्षी लाभले. पुढे शेजारच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवाही त्या पंक्तीस जाऊन बसला. सनद हाती आली खरी, परंतु त्या नावाने जे फळ, जो गर आणि जी रबडी विकली जाते, ती खरोखर याच डोंगरांची आहे काय, याची रुजुवात विकत घेणाऱ्या माणसास दिसेल अशा रीतीने कुठेही होत नाही, आणि जोवर ती होत नाही तोवर त्या सनदेपासून डोंगर चढणाऱ्या बाईच्या पदरात यत्किंचितही भर पडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचा मानांकनाचा कायदा १९९९ सालचा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईस आहे. मानांकनाच्या अर्जात वस्तूचे वैशिष्ट्य, तिचा भूप्रदेश, नकाशा, इतिहास हे सर्व सविस्तर मांडावे लागते; मात्र त्या नावाच्या वापरावर देखरेख करणाऱ्या तपासणी-यंत्रणेचा तपशील नियमांनी मागितला आहे तो ‘असल्यास’ या सवलतीसह. या सवलतीचा परिणाम असा झाला की नाव मिळविण्यासाठी जेवढी धडपड झाली, तिच्या शतांशानेही ते नाव राखण्याची सोय झाली नाही.

या बाबतीत ज्या देशाकडून शिकावे असे मला वाटते, तो देश आयर्लंड होय. उदाहरण मद्याचे आहे म्हणून वारकरी परंपरेत वाढलेल्या आमच्या वाचकांनी नाक मुरडू नये, कारण येथे प्रश्न पेयाचा नसून दप्तराचा आहे. आयरिश व्हिस्की, आयरिश क्रीम आणि पोटीन या तीन मद्यांची नावे युरोपच्या कायद्याने संरक्षित आहेत. त्यांपैकी व्हिस्कीसाठी तेथे १९८० साली स्वतंत्र कायदाच करण्यात आला, आणि पुढे तिचे लक्षणपत्र तयार झाले: मद्य आयर्लंडच्या बेटावरच गाळलेले असावे, गाळताना त्यातील मद्यार्क ९४.८ टक्क्यांहून कमी असावा, ते सातशे लिटरांहून मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपांत निदान तीन वर्षे मुरावे, आणि ग्राहकापाशी जाताना त्याची तीव्रता चाळीस टक्क्यांखाली नसावी. यांतील शेवटची अट सोडली तर बाकीच्या अटींची शहानिशा बाटली उघडून, वास घेऊन किंवा घोट चाखून निर्विवादपणे करता येत नाही. पीप किती वर्षे कोणत्या वखारीत पडून होते हे पिंपाची नोंदवहीच सांगू शकते. म्हणूनच ही पडताळणी तेथील महसूल खात्याकडे सोपविलेली आहे, कारण अबकारी करासाठी गाळलेल्या थेंबाथेंबाचा जमाखर्च ते खाते अगोदरपासूनच ठेवीत आले होते. माल बाजारात येण्यापूर्वी तो लक्षणपत्राबरहुकूम आहे की नाही हे पाहिले जावे, असे युरोपचा नियमही सांगतो. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ते बेट दोन राज्यांत विभागलेले असून नाव मात्र अखंड बेटाचे आहे. त्यामुळे उत्तर भागातील उत्पादकांची तपासणी ब्रिटिश महसूल खाते करते आणि दक्षिणेतील उत्पादकांची आयरिश खाते. ज्या सीमेपायी तेथे एवढा रक्तपात झाला, तिच्या दोन्ही बाजूंस एकाच नावाचे दप्तर ठेवले जाते.

आता हाच न्याय सीताफळास लावून पाहू. सालीसह असलेले फळ आपली थोडीबहुत साक्ष स्वतःच देते. डोंगरच्या झुडपावरचे फळ आणि ठिबकावर पोसलेल्या बागेतले फळ यांतला भेद पाटोद्याच्या आठवडे बाजारातील जुनी माणसे आकारावरून आणि गराच्या गोडीवरून ओळखतात. परंतु हे फळ पिकल्यावर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, म्हणून दूरच्या बाजारपेठेतील त्याचे भवितव्य उत्तरोत्तर गोठविलेल्या गरावर अवलंबून राहणार, आणि गर एकदा बिया काढून पिशवीत बंद झाला म्हणजे तो बालाघाटचा, पुरंदरचा की आणखी कुठला, हे सांगणे जिभेच्या आवाक्याबाहेर जाते. तेथे वजनाचा हिशेबच पाहिजे. गर काढणाऱ्या कारखान्यात बीडच्या डोंगरातील फळ किती किलो आले, कोणत्या गावातून व कोणत्या तारखेस आले, आणि त्यातून ‘बीड सीताफळ’ या नावाचा गर किती किलो बाहेर पडला, या तीन आकड्यांचा मेळ ज्या दिवशी अनिवार्य होईल त्या दिवशी बनावटीचा बराचसा भाग आपोआप बंद पडेल, कारण आलेल्या फळाहून अधिक गर कोणत्याही यंत्रातून निघत नाही.

हे लिहिताना एक धोका मला सतत दिसतो आहे, आणि तो गौण नाही. तपासणीचा नियम कठोर झाला की त्याचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकण्याची आपल्या कारभाराची जुनी खोड आहे. आयर्लंडमधील मद्य गाळणारा मनुष्य भांडवलदार असतो. त्याच्यापाशी कारकून असतो, वखार असते. आमच्याकडे पहिला दुवा म्हणजे गायरानात किंवा वनखात्याच्या हद्दीत फळे वेचणारी बाई. तिच्या नावे सातबारा नाही, आणि ज्या डोंगरावरून ती फळ आणते तो तिचा नाही. गोव्यातही असाच प्रकार आढळतो. काजूच्या फेणीस २००९ साली मानांकन मिळाले, पण ती फेणी भाटीवर काढणारा लहान मनुष्य आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवून बाटली विकणारा मनुष्य हे बहुधा निराळे असतात, आणि कागद साहजिकच दुसऱ्याच्या हाती लवकर येतो. म्हणून ज्याला पेटीवर, पिशवीवर किंवा डब्यावर हे नाव छापावयाचे असेल, त्यानेच पुरावा ठेवला पाहिजे, आणि त्या पुराव्याचा पहिला कागद म्हणजे वेचणाऱ्या बाईस दिलेली वजन, भाव व तारीख यांची पावती असली पाहिजे. वाचून दाखविता येईल अशी साधी मराठी पावती.

कायद्यानेही या बाईस दूर लोटलेले नाही. शेतमाल असेल तर तो पिकविणारा, आणि नैसर्गिक वस्तू असेल तर ती मिळविणारा, अशा दोघांसही त्यात उत्पादक मानले आहे; त्यांच्याबरोबर त्या मालाचा व्यापार करणाराही उत्पादकच ठरतो. कुणी न लावलेल्या झाडाचे फळ डोंगरातून वेचून आणणारी स्त्री या व्याख्येत बसत नसेल तर कोण बसेल? अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदविण्याचे शुल्क पूर्वी पाचशे रुपये होते, ते २०२० साली दहा रुपयांवर आणले गेले. तेव्हा अडचण पैशांची उरलेली नाही. अर्ज कोणी भरावयाचा आणि रहिवासाचा व वेचणीचा दाखला कोणी द्यावयाचा, एवढीच ती आहे, आणि तो दाखला देण्यास ग्रामसभेहून अधिक योग्य अधिकारी मला दिसत नाही, कारण कोणाच्या घरातून कोण डोंगराला जाते हे गावाला पाठ असते.

हद्दीचा प्रश्नही आहेच. पाटोदा तालुक्याच्या एका अंगाला जामखेड, दुसऱ्या अंगाला भूम; डोंगर एक, माती एक, झाड एक, परंतु नाव बीडचे. पलीकडच्या उतारावरील फळ चवीने हिणकस आहे असे कोणी म्हणणार नाही, तरीही मानांकनाची हद्द जेवढी आखली आहे तेवढीच पाळली पाहिजे, आणि ती वाढवावयाची असेल तर आयर्लंडप्रमाणे दोन्ही बाजूंच्या दप्तरांनी एकत्र येऊन रीतसर वाढवावी, अंधारात टेम्पो उतरवून नव्हे. वाणाच्या बाबतीतही असाच स्पष्टपणा हवा. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ हा वाण दिला, तो याच मातीतला. बार्शी तालुक्यातून सर्वत्र पसरलेला ‘एनएमके-१ गोल्डन’ उशिरा येतो, अधिक टिकतो आणि बागायतदारास चार पैसे मिळवून देतो, याबद्दल त्याचा सन्मानच केला पाहिजे. पण त्याने आपल्या स्वतःच्या नावाने बाजारात जावे. डोंगरच्या फळाचे नाव त्यास दिल्याने फळ दोहोंपैकी एकाचेही राहत नाही.

कायदा मोडणाऱ्यास कैद व दंड आहे, तेव्हा पूर्वतपासणीची एवढी यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने त्याच कायद्याचे पन्नासावे कलम वाचावे. उपअधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास झडती व जप्ती करता येते, परंतु तत्पूर्वी त्याने निबंधकाचे मत मागविले पाहिजे आणि त्या मतानुसारच वागले पाहिजे. पैठणीच्या बाबतीत ही तरतूद योग्यच असेल. पण चेन्नईहून मत येईपर्यंत सीताफळाची करंडी नासून गेलेली असते आणि तिच्याबरोबर पुरावाही. नाशवंत फळाला शिक्षेचे नव्हे, बाजारात पोहोचण्यापूर्वीच्या तपासणीचेच संरक्षण लाभू शकते.

त्यासाठी नवा कायदा नको, नवे महामंडळही नको. तालुका कृषी कार्यालय, बाजार समिती आणि मानांकनाचा नोंदणीकृत धनी यांनी मिळून पाटोद्यात एक काटा, एक पावतीपुस्तक आणि गोडी मोजण्याचे एक साधन एवढे जरी ठेवले तरी पहिला हंगाम निभावेल. मात्र हे काम घटस्थापनेपूर्वी उभे राहावयास हवे. दसरा होताच ऊसतोडीच्या मुकादमांच्या उचली वाटल्या जातात, दिवाळी सरताच ट्रक भरू लागतात, आणि ज्या बायकांची नावे त्या वहीत प्रथम लिहावयाची, त्या कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात.