रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स घ्यायचाय? आधी त्यात ट्यूनर किती, ते विचारा

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. गाव जुन्या मंदिरांसाठी ओळखलं जातं, पण आपल्याला आत्ता घरातल्या टीव्हीपुढं बसायचंय.

आईची मालिका साडेसातला लागते. आयपीएलचा संध्याकाळचा सामनाही साडेसातलाच सुरू होतो, म्हणून पोराला रिमोट हवाय. वडील उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायला शेतात निघालेत, कारण या आठवड्यात पंपाची वीज रात्रीच्या पाळीची आहे. जाता जाता ते सांगून जातात, "मॅच रेकॉर्डिंगला लावून ठेव रे, आल्यावर बघतो."

टीव्ही एक, डिश एक आणि मागण्या तीन. अशा वेळी दुकानदार सांगतो, "रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्या, सगळं मिटतं."

खरंच मिटतं का? त्यासाठी आधी बॉक्सच्या आत काय होतं, ते समजून घेऊ.

ट्यूनर म्हणजे नेमकं काय?

छतावरची डिश उपग्रहाकडून येणारे सिग्नल गोळा करते. हे सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर येतात. एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल नसतं, तर अनेक चॅनेलचा एक गठ्ठा असतो. उपग्रहावरच्या ज्या यंत्रणेतून हा गठ्ठा येतो, तिला ट्रान्सपाँडर म्हणतात.

बॉक्समधला ट्यूनर एका वेळी एकच गठ्ठा पकडतो. तुम्ही चॅनेल बदललं आणि ते दुसऱ्या गठ्ठ्यात असलं, की ट्यूनर पहिला गठ्ठा सोडून दुसरा धरतो.

आता रेकॉर्डिंग चालू असताना ट्यूनरला जागचं हलता येत नाही. हलला की रेकॉर्डिंग तुटलं. म्हणून एकच ट्यूनर असलेल्या बॉक्सवर रेकॉर्डिंग चालू असताना साधारणपणे तेच चॅनेल बघता येतं. काही बॉक्स त्याच गठ्ठ्यातलं दुसरं चॅनेल बघू देतात. पण कुठलं चॅनेल कुठल्या गठ्ठ्यात आहे हे गिऱ्हाईक ठरवत नाही, आणि कंपनी ते कधीही बदलू शकते.

पुन्हा चारठाण्याच्या घरात येऊ. मॅच रेकॉर्डिंगला लावली, तर पोरगं ती मजेत बघेल आणि वडिलांनाही नंतर बघता येईल. आईची मालिका मात्र गेली. मालिका रेकॉर्डिंगला लावली, तर तेवढा वेळ पोराची मॅच गेली. म्हणजे वडिलांचा प्रश्न सुटला, पण आई आणि पोराचं भांडण आहे तिथंच राहिलं.

मग व्हीसीआरवर हे कसं जमायचं?

हा प्रश्न घरातली मोठी माणसं हमखास विचारतात आणि तो बरोबर आहे. केबलच्या जमान्यात व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर होता आणि टीव्हीलाही स्वतःचा. त्यामुळं व्हीसीआर एक चॅनेल रेकॉर्ड करत असताना टीव्हीवर दुसरं लावता यायचं.

डीटीएच आलं आणि चॅनेल निवडायचं काम टीव्हीकडून सेट टॉप बॉक्सकडं गेलं. टीव्ही नुसता पडदा उरला. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल वाढले, पण दोन ट्यूनरांचा एक झाला.

यावर उपायही निघाला. ब्रिटनमध्ये २००१ साली आलेल्या स्काय प्लसच्या बॉक्समध्ये दोन ट्यूनर होते. भारतात २००८ साली टाटा स्काय प्लस आला, त्यातही एक चॅनेल रेकॉर्ड करताना दुसरं बघायची सोय होती. पण असा बॉक्स महाग पडतो आणि साधारणपणे डिशपासून बॉक्सपर्यंत एकाऐवजी दोन केबल ओढाव्या लागतात. म्हणून बाजारात दुसरा, स्वस्त मार्ग रुळला. बॉक्स एकाच ट्यूनरचा, मागं यूएसबीचं तोंड आणि पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क तुमची. पाकिटावर दोन्हींच्या नावापुढं 'रेकॉर्डिंग' एवढंच छापलेलं असतं. घोळ होतो तो इथं.

एका ट्यूनरचे फायदे

पहिला फायदा पैशांचा. बॉक्स स्वस्त, केबल एकच, नवी जोडणी नको.

दुसरा फायदा वेळेचा. शेतावर, दुकानात किंवा एसटीत असणाऱ्या माणसाला कार्यक्रम आपल्या वेळेला बघता येतो. घरात त्या वेळी दुसरं कुणी टीव्ही बघत नसेल, तर एक ट्यूनर पुरेसा आहे.

तिसरा फायदा डेटाचा. मोबाईलवर तासभर व्हिडिओ बघायला साध्या दर्जातही अर्धा-पाऊण जीबी जातो. रोज दीड-दोन जीबीचा पॅक घरातल्या चार जणांनी वापरायचा म्हटलं, तर मालिका आणि मॅच दोन्ही त्यात बसत नाहीत. शिवाय संध्याकाळी नेटवर्क अडखळतं ते वेगळंच. डिशवरून केलेल्या रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही.

जागेचा हिशेबही सोपा आहे. साध्या दर्जाचं चॅनेल सेकंदाला साधारण २ मेगाबिटनं येतं असं धरलं, तर तासाला जेमतेम १ जीबी लागतो. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तीसेक तास मावतात. एचडीला याच्या तिप्पट-चौपट जागा लागते.

आणि तोटे?

सगळ्यात मोठा तोटा वर आलाच. एकाच वेळी दोघांना दोन गोष्टी हव्या असतील, तर एक ट्यूनर कामाचा नाही.

दुसरा तोटा विजेचा. रेकॉर्डिंगला लावलं म्हणजे झालं, असं नाही. त्या वेळी बॉक्सला वीज हवी. नेमकी साडेसातला लाईट गेली, तर रेकॉर्डिंगही गेलं. टीव्ही इन्व्हर्टरवर असेल, तर बॉक्सही त्यावरच जोडा. बॉक्सला वीज फार थोडी लागते.

तिसरा तोटा पावसाचा. डीटीएचचे सिग्नल ज्या कू बँडमध्ये येतात, ते जोरदार पावसात क्षीण होतात. समोर बसलेला माणूस सिग्नल परत यायची वाट बघतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तेवढा तुकडा कायमचा गायब होतो.

चौथा तोटा मालकीचा, आणि हा लोकांच्या उशिरा लक्षात येतो. पैसे भरून बघायच्या डीटीएचवर केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कुलूपबंद असतं. ते त्याच बॉक्सवर चालतं. पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावला, तर फाईल उघडत नाही. बॉक्स बिघडला आणि बदलून मिळाला, तर जुनं रेकॉर्डिंग हाती लागत नाही. रिचार्ज संपल्यावर ते दिसेल की नाही, हेही बॉक्सवर अवलंबून असतं. गावच्या जत्रेची बातमी चॅनेलवर लागली म्हणून जपून ठेवायची असेल, तर या भरवशावर राहू नका.

हे रेकॉर्डिंग कायद्यात बसतं का?

बसतं, पण मर्यादेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी, संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग प्रसारकाच्या हक्काचा भंग ठरत नाही. म्हणजे आईसाठी मालिका रेकॉर्ड करणं ठीक. तोच भाग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं किंवा यूट्यूबवर चढवणं ही खासगी वापराबाहेरची गोष्ट झाली.

आता कशाला हवंय रेकॉर्डिंग?

हा प्रश्नही रास्त आहे. मालिकांचे भाग ॲपवर मिळतात. बऱ्याच मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी पुन्हा लागतात. शिक्षणासाठीच्या स्वयंप्रभा चॅनेलची तर रचनाच अशी केली होती, की एकच तास दिवसातून अनेकदा लागावा. तिथं रेकॉर्डिंगची गरज कमी पडते.

कंपन्यांचंही लक्ष तिकडंच वळलंय. देशात डीटीएचचे सक्रिय ग्राहक काही वर्षांपूर्वी सात कोटींच्या आसपास होते. २०२५ पर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. आता भर आहे तो इंटरनेट आणि डिश दोन्ही चालणाऱ्या बॉक्सवर. त्यात चुकलेला कार्यक्रम नेटवरून बघायचा असतो. शहरात हे सोयीचं आहे. जिथं घरात वायफाय नाही, तिथं ही 'सोय' पुन्हा मोबाईलच्या डेटावर येऊन पडते. म्हणून चारठाण्यासारख्या गावात साधं यूएसबी रेकॉर्डिंग अजून तरी बाद झालेलं नाही.

एक तिसरा रस्ताही आहे

घरात दोन टीव्ही असतील किंवा जुना टीव्ही अडगळीत पडला असेल, तर डीडी फ्री डिशचा विचार करा. डिश आणि बॉक्सचा एकदाच साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च येतो, पुढं महिन्याचं रिचार्ज नाही. त्याचा उपग्रह वेगळा असल्यामुळं सहसा डिशही वेगळी लावावी लागते.

यावर झी मराठी, स्टार प्रवाह यांसारख्या पैसे भरायच्या वाहिन्या मिळत नाहीत आणि आयपीएलचीही खात्री नाही. पण २००७ च्या कायद्यामुळं भारतीय पुरुष संघाच्या आंतरराष्ट्रीय वनडे आणि टी-ट्वेंटी सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि ते फ्री डिशवर दिसतं. भारताची मॅच असेल त्या दिवशी एका टीव्हीवर मालिका, दुसऱ्यावर मॅच. घराला दुसरा ट्यूनर मिळाला, तोही महिन्याच्या खर्चाशिवाय.

मग घ्यावा की नाही?

आधी घरातलं भांडण नेमकं कशाचं आहे, ते ओळखा.

कार्यक्रमाच्या वेळी कुणी घरी नसतं, एवढाच प्रश्न असेल तर एका ट्यूनरचा बॉक्स घ्या. स्वस्तात काम होईल.

एकाच वेळी दोघांना दोन चॅनेल हवी असतील, तर दोन ट्यूनरचा बॉक्स, दुसरी जोडणी किंवा फ्री डिश बघा. एका ट्यूनरवर पैसे घालून हे भांडण मिटणार नाही.

कार्यक्रम वर्षानुवर्षं जपून ठेवायचा असेल, तर यातलं काहीच भरवशाचं नाही.

आणि दुकानात गेल्यावर पाच प्रश्न विचारा. ट्यूनर किती? एक चॅनेल रेकॉर्ड होताना दुसरं कुठलंही दिसेल का? बॉक्स स्टँडबायवर असताना रेकॉर्डिंग होतं का? रेकॉर्डिंगसाठी महिन्याला वेगळे पैसे लागतात का? रिचार्ज संपल्यावर जुनं रेकॉर्डिंग बघता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. दुकानातल्या चालू बॉक्सवर रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि रिमोट हातात घेऊन स्वतः चॅनेल बदलून बघा. पडद्यावर 'रेकॉर्डिंग थांबवायचं का?' असा प्रश्न आला, की ट्यूनर किती ते कळलंच.