पुरवणीचे स्तोम

आमचा पुतण्या मोठा हजरजबाबी. गेल्या पाडव्याला फराळ करता करता त्याने निकाल देऊन टाकला, "काका, 'क्रायसिस'मध्ये नुसती झाडं आहेत. खरा गेम म्हणजे 'वॉरहेड'!" चकली माझ्या घशात अडकली. हे मत एकट्या त्याचे असते तर मी पाणी पिऊन गप्प बसलो असतो. परंतु हे खेळ जाणणारी पुष्कळ शहाणी मंडळी हेच बोलत आली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांना सांगतो. 'क्रायसिस' हा फ्रँकफर्टच्या क्रायटेक कंपनीने २००७ च्या नोव्हेंबरात काढलेला संगणकावरचा नेमबाजीचा खेळ. नायक कधी दिसायचा नाही. आपणच नायक, आणि डोळ्यांसमोर दोन हात व बंदूक. फिलिपाइन्सच्या समुद्रातले लिंगशान नावाचे काल्पनिक बेट, तिथे उतरलेले उत्तर कोरियाचे सैन्य, डोंगराच्या पोटात परग्रहावरची मंडळी. कथेचे साल २०२०. (ते साल येऊन गेले. त्याने आणलेले संकट निराळेच होते.) चित्र असे विलक्षण की त्या काळचे भलेभले संगणक त्यापुढे धापा टाकीत. कोणी नवे यंत्र घेतले की "यावर क्रायसिस चालतो का?" हा प्रश्न ठरलेला, पुढे ती थट्टाच होऊन बसली. मीही बोनसचे पैसे घालून यंत्र घेतले होते. दुकानदाराने छातीवर हात ठेवून "चालेल" म्हटले होते. चालला, पण बैलगाडीच्या गतीने.

'वॉरहेड' ही त्याची पुरवणी. सप्टेंबर २००८ मध्ये आली, याच कंपनीच्या बुडापेस्टच्या शाखेने केली. मूळ खेळातला सायको हा सोबती मधेच नाहीसा होतो. तो तेवढ्या वेळात काय करीत होता, ते इथे कळते. मूळ खेळाला पन्नास डॉलर, हिला तीस. मूळ खेळ जवळ नसला तरी चाले. यंत्रावरही ती हलकी. हे सारे मला मान्य. पुरवणीतले शत्रू अधिक चलाख आहेत, हेही मान्य.

पण 'नुसती झाडं'? अहो, त्या झाडांतच सगळा खेळ आहे! रात्री आपण समुद्रात पडतो, भिजत किनाऱ्याला लागतो, टेकडी चढतो आणि उजाडते. खाली खाडी, पलीकडे शत्रूची ठाणी. पुढे कोणत्या वाटेने जायचे हे कोणी सांगत नाही. अंगात नॅनोसूट असतो. तो माणसाला अदृश्य करतो, परंतु अट मोठी मार्मिक आहे. जितके धावाल तितकी त्याची शक्ती लवकर संपते. दबून, जवळजवळ न हलता बसलात तर बराच वेळ टिकते. गोळी झाडलीत की संपलेच. म्हणजे अधीर माणसाला हा सूट उघडा पाडतो. सर्वांत अवघड पातळीवर तर पहारेकरी इंग्रजी सोडून कोरियन बोलतात. शब्द कळत नाहीत, म्हणून नुसत्या आवाजाच्या रोखाकडे कान द्यायचा. मी एक सबंध संध्याकाळ एका झुडपामागे काढली आहे आणि एकही गोळी न झाडता ठाणे ओलांडले आहे. सौ. म्हणाली, "हा कसला नेमबाजीचा खेळ? तुम्ही तर नुसते बसला आहात." तिला जे कळले ते पुतण्याला कळत नाही.

पुरवणीतही सूट तोच, झाडे तीच. आडून जायला जागाही काही ठिकाणी आहे. पण तिला धीर म्हणून नाही. आता पाठलाग, आता आगगाडी, आता स्फोट. लग्नघरातल्या उत्साही मामासारखी ती आपला दंड धरून ओढीत नेते. आणि एका ठिकाणी तर तिने हद्दच केली. सायको संतापाच्या भरात एका कोरियन सैनिकाला हातांनी पाण्याखाली दाबून ठार मारतो. त्या वेळी खेळणाऱ्याच्या हाती काहीही नसते. आपण बघत बसायचे. याला नायकाच्या स्वभावाची खोली म्हणून वाखाणणारे आहेत. असेल. पण माझ्या झुडपामागच्या संध्याकाळी तो सैनिक जिवंत राहिला असता, आणि तो जिवंत राहावा की नाही हे मी ठरवले असते. पोरे असल्या खेळांनी बिघडतात म्हणून आईबाप कपाळाला हात लावतात. त्यांनी हा फरक एकदा पाहावा.

मूळ खेळ निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. परग्रहवाल्यांच्या पोटात शिरल्यावर त्याचीही बोळकांडी होते, वाट एकच उरते, आणि शेवट तर मधेच तोडल्यासारखा. तिथे मीही कंटाळलो. पण पुरवणीवाल्यांनी धडा घेतला तो नेमका उलटा. टेकडी मोठी करायची सोडून वेग वाढवला.

या पाडव्याला पुतण्या पुन्हा येणार आहे. यंत्र त्याचे, म्हणजे जलद. मी अट घातली आहे: आधी तो किनारा, ती टेकडी आणि माझे झुडूप. त्याने विचारले, "आणि काका, गोळी कधी झाडायची?" मी म्हटले, "आधी उजाडू दे."