एक प्रत माहेरी असू द्या

घराची जादा किल्ली आपण शेजारच्या काकूंकडे ठेवतो, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. मुलांचे फोटो, बचत गटाचे हिशेब, घराच्या कागदांच्या प्रती मात्र एकाच कॉम्प्युटरमध्ये! गटांच्या कामानिमित्त घरोघरी जाते, तेव्हा हेच दिसतं. ‘आहे ना कॉम्प्युटरमध्ये,’ म्हणून सगळ्याजणी निर्धास्त.

पण हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. शिवाय २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैत चिपळूणला पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटर आणि कपाटातली प्रत, दोन्ही एकदमच भिजतात. म्हणून जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात. एकूण ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर.

मैत्रिणींनो, हे अवघड नाही. बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा, गटाची बैठक झाली की, सगळं एकीवर उतरवा आणि लगेच वायर काढा. जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर लोकांच्या फायलींना असंच कुलूप घातलं होतं. दुसरी डिस्क पासवर्ड लावून माहेरी ठेवा. गेलात की अदलाबदल करा. अधूनमधून एखादी फाईल उघडूनही बघा. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

आणि हे काम ‘मुलगा बघेल’ म्हणून टाळू नका. गटातल्या बायकांनी पै-पै साठवलेली असते. त्यांचा हिशेब सांभाळायची जबाबदारी आपली आहे.