कांद्याचा परवाना अजून दिल्लीतच!



24 जुलै 1991 रोजी मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरण आले आणि बहुतेक कारखान्यांचा परवाना सुटला. आपला, शेतकऱ्यांचा, सुटला नाही. उलट, सुधारणांच्या त्याच लाटेत 1992 साली परकीय व्यापाराचा जो कायदा झाला, त्यातलेच अधिकार वापरून आज कांदा एका अधिसूचनेसरशी अडवला जातो.

8 डिसेंबर 2023 आठवा. लाल कांदा निघत होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने धरवतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो काढला की विकावाच लागतो. नेमकी तेव्हाच निर्यात बंद केली. पहाटे ट्रॉली भरून निघालेला माणूस लासलगावला पोचला, तर लिलाव बंद पडलेले. काढणीची मजुरी दिलेली, डिझेल जळालेले, माल उन्हात. या माणसाने कोणता गुन्हा केला होता?

हे एकाच पक्षाचे पाप नाही. सप्टेंबर 2011 मध्ये काँग्रेस आघाडीने निर्यात बंद केली होती. जून 2020 मध्ये भाजप सरकारने वटहुकूम काढून सांगितले, की कांदा आता जीवनावश्यक वस्तूंच्या जाचातून मोकळा. 14 सप्टेंबरला निर्यातबंदी आली. त्यानंतर आठच दिवसांनी तोच मोकळिकीचा कायदा राज्यसभेत मंजूर झाला! ऑक्टोबरात घाऊक व्यापाऱ्याच्या साठ्यावर 25 टनांची मर्यादाही आली. अशा सुधारणेवर शेतकऱ्याने विश्वास ठेवायचा कसा?

1998 साली कांदा महागला आणि भाजपची दिल्ली राज्यातली सत्ता गेली. ती धास्ती सगळ्याच पक्षांनी घेतली आहे. खाणाऱ्याचे मत दिसते, पिकवणाऱ्याचे गृहीत धरले जाते. 2024 मध्ये ते गृहीत धरता येईना, तेव्हा बंदी उठली: 4 मे रोजी. नाशिक-दिंडोरीचे मतदान होते 20 मे रोजी. तरीही 40 टक्के निर्यात शुल्क मानेवर ठेवलेच.

मुंबई-पुण्याच्या भगिनींनो, तुमची चणचण आम्हाला कळते. पण बंदीने स्वस्ताई टिकत नाही. यंदा बुडालेला शेतकरी पुढच्या हंगामात रोप कमी टाकतो, त्यात अवकाळी आला की तुमच्याच पिशवीत कांदा महाग पडतो. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल, तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि सरकारी तिजोरीतून स्वस्त द्यावा. त्याचा भार एकट्या कांदेवाल्याने का उचलायचा?

1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य झाले. पण ते रातोरात परत लावण्याचा आणि निर्यात बंद करण्याचाही अधिकार जिथल्या तिथे आहे. आमची मागणी त्या अधिकारावर आहे: संसदेच्या मंजुरीशिवाय शेतमालावर निर्यातबंदी नको, आणि लागवड झालेल्या पिकावर तर कधीच नको.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला या. हा ठराव मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची प्रत आपल्या खासदाराच्या हातात द्या.